सरोजाक्कांचा वस्तरा

हातात उघडा वस्तरा असलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढी अक्कल आमच्या नागपुरात शाळकरी पोरालाही असते. मी मात्र घातला, आणि तोही पातं किती तिरकं धरायचं यावरून. इंटरनेटवरचा एक दाढीतज्ज्ञ तीस अंश म्हणत होता, आणि ते तीस अंश मी सरोजाक्कांना हातवारे करून समजावत होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सरी. त्या तज्ज्ञालाच बोलाव मग. तो करू दे तुझी दाढी. मला भाजी चिरायची आहे."

मी निमूट गाल पुढे केला.

सरोजाक्का माझ्या घरमालकीण. बंगळुरातल्या येलहंक्याच्या जुन्या वस्तीत खाली त्या आणि त्यांचे यजमान, वरच्या दोन खोल्यांत मी. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे त्यांचं मराठी घरातल्या घरात मुरलेलं. मध्येच कन्नड 'सरी', म्हणजे बरं, मध्येच 'स्वल्प थांब', मध्येच 'साकु, आता पुरे'. मला सुरुवातीला हसू यायचं. त्यांना माझं मराठी ऐकून धडकी भरायची. "तुम्ही नागपूरची माणसं जेवायला बोलावता की मारायला, तेच कळत नाही," असं त्या म्हणायच्या. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं, दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून मी नुसता 'नागपूर'.

अक्कांनी सगळा जन्म शिवणकाम शिकवलं. येलहंक्यातल्या अर्ध्या बायकांना ब्लाउज बेतायला त्यांनी शिकवलं असेल. घरात कुणी आलं की त्या आधी खांद्याच्या शिवणीकडे बघायच्या, मग तोंडाकडे. माझा एक ब्रँडेड शर्ट होता, मला फार आवडायचा. त्याची बाही दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, "हे कुणी कापलं? त्याला माझ्याकडे पाठवून दे, वर्गात मागे बसू दे." त्यांच्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सुनेनं एकदा त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली होती, ती गोष्ट घरात अजून दबक्या आवाजात सांगत.

आता वस्तऱ्याचं. घरून काम करायच्या दिवसांत माणसाला काय काय सुचलं बाप्पा! कुणी घरी पाव भाजायला लागलं, कुणी गिटार काढली. मी वस्तरा मागवला. आजोबा वापरायचे तसला, दांडीत मिटणारा. सोबत चामड्याचा पट्टा, धार लावायचे दोन दगड, ब्रश, साबण. सगळे व्हिडिओ पाठ केले आणि एका सकाळी आरशासमोर उभा राहिलो. खाली उतरलो तेव्हा हनुवटीवर टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवलेले होते.

अक्का फाटकाशी कढीपत्ता तोडत होत्या. "अय्यो, नागपूर! मांजरानं ओरबाडलं काय रे?"

"वस्तरा आहे अक्का. उघडा वस्तरा. शिकतोय."

मला वाटलं, आता आई-बापाचा उद्धार होणार. पण त्यांनी कढीपत्ता पदरात टाकला आणि म्हणाल्या, "घेऊन ये. दाखव."

मी आणला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटासुलटा करून बघितला. "पट्ट्यावर परजलास?"

"हो."

"कसा? करून दाखव."

मी हवेत हात फिरवून दाखवला. अक्कांनी कपाळावर हात मारला. "धार पुढे करून ओढलास! पाठ पुढे, धार मागे, एवढं पण नाही सांगितलं तुझ्या व्हिडिओवाल्यानं? मारलीस की रे धार!" असं म्हणून त्यांनी माझा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, डाव्या हातानं ताणला आणि वस्तरा असा काही वरखाली फिरवला, की मी टिश्यू काढायचं विसरलो. वर जाताना पाठ, वळताना पाठीवरून कलाटणी, खाली येताना पाठ. एक लय होती त्याला.

"अक्का, तुम्हाला हे कुठून येतं?"

त्यांनी मागच्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "वर चल. सांगते."

त्या दिवशी वरच्या खोलीत अक्कांनी जे सांगितलं, ते त्यांनी पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या परक्याला का सांगितलं, तर मला वाटतं, सांगितल्याशिवाय त्यांना राहवतच नव्हतं. इतकी मोठी विद्या एकटीनं पोटात ठेवायची म्हणजे काय खायचं काम आहे?

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, रेल्वेत स्टेशनमास्तर होते. उभं आयुष्य त्यांनी रोज सकाळी वस्तऱ्यानं दाढी केली. गाडी उशिरा आली तर चालेल, पण स्टेशनमास्तर खुंट वाढवून फलाटावर उभा राहता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले, आवाज बारीक झाला, चेहरा हळूहळू गोठल्यासारखा झाला. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो एका रविवारी विजेवरचं यंत्र घेऊन आला आणि बापाच्या गालावरून फिरवून गेला. काम झालं, पण अण्णा त्या दिवसापासून बाहेरच्या ओसरीत बसेनात. कुणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घेत. गालावरून हात फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

"माणूस असा माझ्या डोळ्यांसमोर आटत चालला होता," अक्का म्हणाल्या. "मला नाही बघवलं ते. मी कपाट उघडलं आणि यांचा वस्तरा काढला."

न्हाव्याला का नाही बोलावलं, असं मी विचारलं. अण्णांना ते चालण्यासारखं नव्हतं. न्हावी आला म्हणजे गल्लीला कळलं. स्टेशनमास्तरांना आता स्वतःची दाढी करता येत नाही, हे लोकांच्या तोंडी जाणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

मग अक्का शिकल्या. कुणाला विचारणार? त्यांनी बाजारातून कोवळा कोहळा आणला. कोवळ्या कोहळ्याच्या अंगावर बारीक टोचरी लव असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याला साबणाचा फेस लावायचा आणि सालाला ओरखडा न येता लव काढायची. ओरखडा आला की कोहळा सांबारात. "किती दिवस आमच्याकडे सांबार, हुळी, हलवा, सगळं कोहळ्याचं!" अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "यांना कळेना, हिला झालंय काय."

कोहळा बिनओरखड्याचा सुटायला लागला, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीचं दार लावून अण्णांना खुर्चीत बसवलं. अण्णांच्या गोळीचा अंमल चढला की थोडा वेळ कंप उतरतो. तेवढाच वेळ हाती. पहिल्या दिवशी कानाजवळची एक पट्टी केली आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. मानेपाशी पोचायला बरेच दिवस गेले. आणि एके दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत येऊन बसले.

लोक थक्क झाले. जो येई तो म्हणे, "या आजारात, या हातांनी, वस्तरा! अण्णा, धन्य आहे तुमची!" अण्णा मान किंचित हलवायचे. अक्का कॉफीचा ट्रे घेऊन मागे उभ्या. नवऱ्यानं डोळ्यांनी विनवलं होतं, आणि त्यांनी न बोलता मान्य केलं होतं. अण्णा ओसरीत बसणार ते एवढ्याच अटीवर, की दाढी त्यांनीच केली असं लोकांना वाटावं.

"वाईट नाही वाटत अक्का?" मी विचारलं.

"त्यात काय वाईट वाटायचं? ते बाहेर बसतात, पुरे मला," त्या फटकन म्हणाल्या. आणि मग, "पण असा गाल येलहंक्यात एकाचा तरी आहे का, बघ तू. नीट जवळ जाऊन बघ!"

मी बघितला. खोटं कशाला सांगू, तसा गाल मी दुसरा पाहिला नाही.

माझी शिकवणी मग सुरू झाली. आधी कोहळा, हे वेगळं सांगायला नको. मी दोन कोहळे सोलून काढले. अक्का विळीवर बसल्या बसल्या ओरडायच्या, "दाबतोस कशाला? हात कापत नाही, धार कापते. हातानं नुसती वाट दाखवायची!" गालावर आलो तेव्हा, "ताण, ताण! कापड ढिलं असलं की कात्री चावते, कातडं ढिलं असलं की वस्तरा चावतो." पातं आधी गालाला सपाट टेकवायचं, मग पाठ जराशी उचलायची, एवढाच त्यांचा कोन. आडवा हात कधी न्यायचा नाही. सुरुवातीला कानाजवळची पट्टीच वस्तऱ्यानं, बाकीची नेहमीच्या रेझरनं. ऑफिसचा फोन यायचा असेल तर वस्तऱ्याला हातच लावायचा नाही. "दोन मालकांची नोकरी एका वेळी होत नाही," म्हणायच्या. मिशीखालची जागा त्यांनी मला कितीतरी दिवस करू दिली नाही. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "नाक हवंय का नको, ते ठरव."

अण्णांचा पट्टा फार जुना झाला होता. एकदा आम्ही दोघं इथल्या शिवाजीनगरला बसनं गेलो, चामड्याच्या दुकानात. अक्कांनी दुकानातला एकेक पट्टा काढायला लावला. प्रत्येकावरून मनगट फिरवायचं, वास घ्यायचा, नाक मुरडायचं. दुकानदार म्हातारा, दखनी बोलणारा. त्याला आधी राग आला, मग मजा वाटायला लागली. शेवटी आतून एक पट्टा आणून तो म्हणाला, "ये लो अम्मा. किसके वास्ते?"

"आमच्या यजमानांना," अक्का म्हणाल्या.

"साब का हाथ बहुत बढिया होगा."

अक्कांनी मान हलवली. पट्टा गुंडाळून घेतला. बसमध्ये जागा मिळाली, गाडी सुटली, आणि मग त्या एकदम माझ्यावर उखडल्या. "साहेबांचा हात म्हणे! साहेबांच्या हाताला कप धरवत नाही!" पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. अक्कांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. डोळे भरले होते, ते मी पाहिलं. मी शेंगदाणे घेतले आणि पुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ते खाल्ले नाहीत.

त्या वर्षीचा दसरा मी आयुष्यात विसरणार नाही. खंडेनवमीला इथे हत्यारांची पूजा किती मनापासून करतात! रिक्षा, बस, कारखाने, सगळीकडे केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा. अक्कांच्या देवघरातही पाट मांडला होता. एका बाजूला अण्णांची शिट्टी आणि हिरवा-लाल झेंडा, मध्ये माझा लॅपटॉप, आणि दुसऱ्या बाजूला अक्कांचं सगळं, म्हणजे विळी, कात्री, शिवणयंत्र. आणि कात्रीच्या शेजारी, पातं उघडं ठेवलेला वस्तरा. तो अण्णांच्या बाजूला नव्हता, अक्कांच्या बाजूला होता. अण्णांनी पाहिलं, मी पाहिलं. अक्कांनी त्याला सगळ्यांत जास्त लाड करून गंध लावलं, ओलं कुंकू लावलं, वर पाण्यातून काढलेलं शेवंतीचं फूल ठेवलं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं.

दसऱ्याच्या सकाळी खालून हाक आली. "नागपूर!" ती हाक ऐकूनच मी चप्पल न घालता धावलो.

वस्तऱ्याच्या धारेवर जिथे कुंकू होतं, तिथे तांबूस गंज चढला होता. रोज दाढी झाली की पातं पुसून, सुकवून, तेलाचं बोट फिरवून ठेवणारी बाई. तिनंच ते रात्रभर ओलं ठेवलं होतं. कौतुक करायच्या नादात. अक्का पाटासमोर बसून होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सोनं द्यायला अख्खी गल्ली येणार, अण्णांचे रेल्वेतले लोक येणार, आणि अण्णांच्या गालावर दोन दिवसांचे पांढरे खुंट. "हे बाहेर यायचे नाहीत रे," त्या म्हणाल्या. "आज दार लावून बसले तर परत कधी उघडायचे नाहीत."

मी माझा वस्तरा पुढे केला. अण्णांनी तो लांबूनच पाहिला आणि मान फिरवली. अक्काही म्हणाल्या, "नको. दुसऱ्याच्या कात्रीनं मी कधी कापलं नाही, आणि हा तर गळा आहे."

मग मी माझे दोन दगड काढले. इतके दिवस शोभेला ठेवले होते, त्यांचा दिवस आला. पाण्यात भिजवले आणि अंगणात बसलो. गंज वरवरचा होता, पण धार खाल्ली होती. घास रे घास! अक्का शेजारी बसून पाणी शिंपडत होत्या, आणि दर थोड्या वेळानं पातं घेऊन हाताच्या लवेवर लावून बघत होत्या. "अजून नाही. अजून नाही." जेवायची वेळ टळून गेली. दुपार कलली तेव्हा त्यांच्या मनगटावरची लव पात्याला लागताच उडाली. "सरी!" म्हणून त्या उठल्या आणि नव्या पट्ट्यावर वस्तरा परजायला गेल्या.

या गडबडीत एक चूक झाली. गोळीचा अंमल चढण्याची वाट बघत बसलो आणि मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं राहिलं. मी टॉवेल धरून उभा होतो. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता, अक्का गळ्यापाशी पोचल्या होत्या. तेवढ्यात दार उघडलं.

माधवराव होते. अण्णांच्या स्टेशनवरचे जुने गार्ड. घरचेच असल्यासारखे हाक न मारता आत येणारे. हातात बन्नीची पानं, म्हणजे आपलं सोनं. ते जागच्या जागी थांबले.

अक्कांनी आधी पातं बाजूला घेतलं, तेवढं भान होतं. मग म्हणाल्या, "यांचा खांदा धरलाय आज, माधवराव. म्हणून म्हटलं, आजच्या दिवस मी..."

अण्णांनी हात वर केला. गोळीचा अंमल होता तरी तो थरथरत होता. "नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज ऐकायला माधवरावांना पुढे वाकावं लागलं. "खांदा नाही. मला जमत नाही. कधीचं जमत नाही. हीच करते. रोज."

अण्णांनी माधवरावांचं मनगट धरायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा हात चुकला. दुसऱ्यांदा धरलं, आणि तो हात ओढून आपल्या डाव्या गालावर ठेवला. "बघ. उलटा फिरवून बघ."

माधवरावांनी हात फिरवला. खालून वर. मग पुन्हा. "एक खुंट नाही," ते म्हणाले. "वहिनी, अहो एक खुंट नाही!"

"सरी, सरी. आता सरका, उजवा राहिलाय," अक्का म्हणाल्या. बोटांना फेस होता म्हणून त्यांनी कोपरानं डोळे पुसले. "तुम्ही हलू नका हो." मी दार लावायला वळलो तर मागून अक्कांचा आवाज आला, "असू दे नागपूर. उघडंच असू दे."

संध्याकाळी ओसरीत जो कुणी सोनं द्यायला आला, त्याला अण्णांनी आधी गालाला हात लावायला लावला. शेजारी, नातेवाईक, त्यांचा स्वतःचा मुलगा. तो पोरगा तर बापाच्या गालावर हात ठेवून आईकडे बघतच राहिला. दर वेळी अण्णा थरथरतं बोट अक्कांकडे करायचे आणि म्हणायचे, "हिनं." आणि मग पानं घ्यायचे. मला एवढा अभिमान वाटत होता, की जणू मीच कुणी लागतो त्यांचा.

पुढे ऑफिसनं रोज यायला सांगितलं, आणि मी ऑफिसजवळ कोरमंगल्याला राहायला गेलो. अधूनमधून येलहंक्याला गेलोही. पण अक्का म्हटलं की मला त्या संध्याकाळच्याच आठवतात. मी एका मित्राकडे सोनं द्यायला निघालो होतो, फाटकाशी वळून पाहिलं. ओसरीत त्यांच्या शिवणाच्या वर्गातल्या चार-पाच जुन्या विद्यार्थिनी जमल्या होत्या. कॉफी सून देत होती. अक्का अण्णांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहून, दोन बोटांनी त्यांचा गाल कानाकडे ताणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "असं धरायचं बघा, कापड धरतो तसं." आणि अण्णा हनुवटी वर करून, अजिबात न हलता, त्यांना शिकवू देत होते.